हमामात तोंडून गेलं

५ मार्च, मंगळवार
गिझलान पुन्हा आली. पंधरा वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं. वर्गात पेंगते, घरी झोपत नाही. का, ते सांगत नाही. मी शाळाशाळांत जाऊन पाळी, आहार, मनाची तब्येत यावर तासभर बोलते, पोरी खिदळतात. त्यांतली एखादीच पुढे आमच्या युवा आरोग्य केंद्राची पायरी चढते. ही चढली! जाताना दारात थांबली, मोठ्या बाईला मानानं हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, "लल्ला, मी इथे येते हे आईला कळलं तर संपलं. मग मी यायची नाही."
"माझ्या तोंडून? कधीच नाही," मी म्हटलं.

७ मार्च, गुरुवार
काय करून बसले मी!
हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, तिची आई भेटली, रकिया. वाफ, बादल्यांचा खडखडाट, आणि आपलं नेहमीचं सुरू — तुम्ही कशा, घर कसं, सासूबाईंचे गुडघे कसे... एकेकाचं नाव घेऊन विचारायचं, कोणी सुटलं तर राग. त्याच ओघात — "आणि गिझलान? आता झोप लागते का तिला?"
रकियाचा हात काळ्या साबणावरच थांबला. "ती झोपत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"
ती अंगावर पाणीही न घेता निघून गेली.

८ मार्च
शुक्रवारचा कुसकुस रांधला आणि सगळा शेजारी देऊन टाकला.

१२ मार्च, मंगळवार
गिझलान आली नाही.

१३ मार्च
शाळेत गेले. तिच्या शेजारची म्हणाली, "तिला फेज शहरात मावशीकडे पाठवलं. दप्तरसुद्धा नेलं नाही." मागची फिसकन हसली — "लग्न लावतायत वाटतं!"
केंद्रात येऊन डॉक्टर इद्रिसना सगळं सांगितलं. "अगं, विचारपूस केलीस, खून नाही केलास." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. नाही वाटलं. भांडी घासताना, केस विंचरताना माझाच आवाज कानात येतो — झोप लागते का तिला? मला माझ्या जिभेची किळस आलीय.

१९ मार्च
नव्या वर्गापुढे उभी राहिले. "इथे सांगितलेलं इथेच राहतं" — एवढं बोलले आणि पुढचं आठवेना. एक पोर म्हणाली, "खरंच ना, लल्ला?" मी पाणी प्यायले.
संध्याकाळी रकियाच्या गल्लीपर्यंत गेले. दार वाजवायचं धाडस झालं नाही. भित्री कुठली!

२६ मार्च, मंगळवार
रकिया आली. शिव्या खायच्या तयारीनं मी उभी राहिले. तिनं दार लावून घेतलं.
"पोरीला मीच हलवलं. माझा दीर रात्री तिच्या खोलीशी घुटमळतो. मला वाटायचं, राखण करत मी एकटीच जागी असते, पोर गाढ झोपलीय. तुम्ही विचारलंत, तेव्हा कळलं, तीही जागीच असते." मग हलक्या आवाजात — "मावशी एकीलाच ठेवून घेते. माझी धाकटी लेक बाहेर बाकावर बसलीय. तिला मी परत त्या घरात नेणार नाही. सांगा, कुठे जाऊ?"