लाल गिटारचं लाकूड

प्रिय ठोक्या,

हे नाव कोर्टात चुकूनही तोंडातून काढू नका, असं वकीलबाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. म्हणाल्या, मुलाला काही चांगलं नाव नाही का? त्यांना काय सांगणार, की रांगायला लागल्यापासून तू डबे, पातेली, पलंगाचे पाय, माझी पाठ, जे दिसेल ते ठोकून कान देऊन बसायचास. आता कोर्ट नाही आणि वकीलबाईही समोर नाहीत. तुरुंगातले साहेब पत्र फोडून आधी स्वतः वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचू देत.

तुझी गिटार मिळाली. अपील फेटाळल्यावर अर्ज केला होता, त्याला चौदा महिने लागले. कारकुनाने ती पोत्यातून काढली, मानेला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी तोडली आणि ‘मुद्देमाल सुस्थितीत मिळाला’ असं लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली. सुस्थितीत! तारा गंजलेल्या, एक बटण गायब, लाल रंगाचे पोपडे उडालेले. चादरीत गुंडाळून बसमधून आणली. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, वाजवता का? म्हटलं, नाही, मी पॉलिश करते. खोटं नव्हतं ते. सहा वर्षांत फर्निचरच्या कारखान्याच्या पॉलिशखात्यात मी शिकाऊ बाईची मुख्य बाई झाले, हे तुला सांगितलंच आहे. तू म्हणाला होतास, आई, तिचा तो लाल काढून टाक, नुसतं लाकूड राहू दे. म्हणून कामाला लागले.

आमच्या मिस्त्रींनी गरम हवेची बंदूक दोन रविवारांसाठी दिली. कशाला हवी ते त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाले, एका जागी धरू नका, लाकूड जळतं. आधी तारा काढल्या. कुठली वायर कुठे जोडली आहे त्याचा फोटो काढून ठेवला, मग आतलं सगळं सोडवलं. मागचे चार स्क्रू काढले आणि मान वेगळी झाली. भरीव लाकडाचं जड धड तेवढं गॅलरीत स्टुलावर ठेवलं. मान आणि धड. दुसरे शब्द शोधले, सापडले नाहीत.

गरम हवा लागली की तो लाल आधी गप्प राहतो, मग एकदम फुगतो, भाजलेल्या कातडीसारखा. फोड आला की खालून पातं सारायचं. पहिली साल निघाली तेव्हा मी पातं खाली ठेवलं. दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्या वेळी मी दात ओठ खाऊन ओरबाडत होते, पातं बोटात घुसलं तरी थांबले नाही. समोरच्या गॅलरीतल्या आजोबांनी खुर्ची आत नेली. लालच्या खाली पांढरा थर निघाला, त्याच्याखाली पिवळा, काचेसारखा टणक. घाम डोळ्यांत जात होता आणि मी तुझ्या वडिलांना मोठमोठ्याने शिव्या देत होते. जन्मभर त्यांना ‘हे’ म्हणत आले. आता या पत्रात ‘तो’ म्हणणार आहे. लिहिताना हात अडखळतोय, पण लिहिणारच.

तू ही गिटार आणलीस तेव्हा सोळा वर्षांचा होतास. सबंध सुट्टीभर गॅरेजमध्ये गाड्या धुतल्या होत्यास. तो ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्तीला जायचा तिथे लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी तो इतक्या गोड आवाजात बोलायचा, की घाबरू नका, मी आहे ना. आपल्या घराचं दार लागलं की तो आवाज बाहेरच राहायचा. चौथ्याच दिवशी त्याने तुझा डावा हात ओट्याच्या खणात धरला आणि गुडघ्याने खण बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. वाजव आता, म्हणाला. मी तिथेच उभी होते, हातात झारा घेऊन. डॉक्टरांना मी सांगितलं, दारात बोटं सापडली. त्याने मला तसं सांगायला लावलं नव्हतं, रे. मी आपणहून सांगितलं. तुझं मधलं बोट कधी सरळ झालं नाही, आणि तू दोन महिन्यांत त्याच वाकड्या बोटाने पुन्हा वाजवायला लागलास.

माझ्या बरगड्या तुला माहीत आहेत. कानाचं माहीत नसेल. त्याच्या एका थपडेने डावा कान गेला, त्याला आता बारा वर्षं झाली. तू वाजवायचास तेव्हा मी उजवा कान तुझ्याकडे करून बसायचे. तुला वाटायचं, आई तोंड फिरवून बसते. एकदा रुसलाही होतास. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वेळेवर काही सांगता आलंच नाही कधी.

ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं आणि लाकूड दिसलं. फिकट आणि अगदी साधं. तुला आवडेल. खालच्या टोकाला, जिथे पट्टा अडकवायची खुंटी असते तिथे, दोन खोलगट खड्डे होते, एकमेकांना चिकटून. रंगाखाली नीट दिसत नव्हते, उघड्या लाकडावर बोट फिरवलं की कळत होते. असे खड्डे आम्ही कारखान्यात रोज काढतो. ओलं फडकं ठेवायचं, वर कडक तापलेली इस्त्री दाबायची. वाफ आत शिरते, दबलेलं लाकूड फुगून वर येतं. हात आपोआप कामाला लागले. फडकं, इस्त्री, चर्र आवाज. दोन मिनिटांत पहिला खड्डा गेला. कुठे होता तेही सांगता येईना. मी इस्त्री उचलली आणि खाली फरशीवर बसले. एका माणसाचं डोकं फुटलं त्याची खूण, आणि ती माझ्या हाताने कपड्याच्या सुरकुतीसारखी पुसली गेली. दुसऱ्या खड्ड्याला मी हात लावला नाही. आता तरी तुला तो रविवार सांगायला हवा.

तुला आठवतो तो असा. तू एकोणीस वर्षांचा होतास. मी वेगळी खोली भाड्याने घेतली होती, आपल्या दोघांसाठी. तिची किल्ली त्याला माझ्या शिलाईच्या डब्यात सापडली. दुपारचा एक वाजला होता. त्याने माझे केस मुठीत धरले आणि माझं कपाळ मोरीच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी विचारत होता, कुठली किल्ली? कुठली? रक्त डोळ्यांत उतरलं होतं. तू आतून आलास, हातात गिटार होती. म्हणालास, बाबा सोडा तिला. तो हसला. तू फिरवलीस ती त्याच्या मानेखाली, खांद्यावर बसली. तो कोसळला. तू गिटार टाकलीस आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना आणायला अनवाणी धावलास.

पुढचं तुला आठवणार नाही, कारण तू तिथे नव्हतास. तो मेला नव्हता. त्याने डोळे उघडले. एक हात जमिनीवर टेकून उठून बसला, भिंतीला पाठ लावून. तोंडातलं रक्त थुंकला आणि अगदी शांत, त्या लिफ्टमधल्या गोड आवाजात म्हणाला, आता आधी पोराला. तुझ्या डोळ्यांदेखत. मग तुझं बघतो. जिन्यात तुमची पावलं अजून वाजत नव्हती. मी गिटार उचलली. मानेला दोन्ही हातांनी धरली, जशी धुणं आपटायची मोगरी धरतात. पहिला घाव कानाच्या वर बसला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरा घातला. मग गिटार जिथे पडली होती तिथे ठेवली आणि माझ्या चेहऱ्यावरचं रक्त हाताने पुसलं. तू नर्सबाईंना घेऊन आलास, त्यांनी नाडी बघितली आणि मान हलवली.

पोलीस आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणालास, मी मारलं. मी तुझ्याकडे बघितलं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्या क्षणी भीती होती, असं म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी? खटल्यात? निकालाच्या वेळी? तिथे तर डॉक्टरांनी सांगितलं, घाव तीन आहेत, आणि वकीलबाई म्हणाल्या, रागाच्या भरात पोराला भान राहिलं नाही. तू मान खाली घालून ऐकत होतास. मी दुसऱ्या बाकावर रुमाल चावत होते. त्याला जितके दिवस भिऊन जगले त्याहून वाईट ही सहा वर्षं गेली, पण तुझ्या मानाने ती काहीच नाहीत. मला माफ कर, असं लिहिणार नाही. तेवढी निर्लज्ज नाही झाले.

गिटार आता तयार आहे. एकशेवीस, दोनशेवीस, मग तीनशेवीस नंबरचा पेपर मारला, वर पारदर्शक लॅकरचे पाच हात दिले. तो खड्डा ठेवला आहे. वायरी फोटो बघून मिस्त्रींनी जोडून दिल्या, नव्या तारा तू तुझ्या बघ. उद्या ती त्यांच्याकडे ठेवून येते. घराची किल्लीही त्यांच्याकडेच असेल, कारण सोमवारी मी वकीलबाईंकडे जाऊन हे सगळं सांगणार आहे, आणि त्यानंतर मला घरी येता येईल असं वाटत नाही. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून घाईने लिहिलं. मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू म्हणालास, आई, लवकर सुटकेच्या अर्जावर मी सही करणार नाही. मला एकच घाव आठवतो, बाकीचे दोन मी कधी घातले तेच कळत नाही. म्हणजे माझ्यातही बाबा आहेत, मला आतच राहू दे. त्याच दिवशी मी ठरवलं, आता बोलायचं. बाळा, तू एकदाच मारलंस, मला वाचवायला, आणि लगेच त्यालाही वाचवायला धावलास. त्याने आयुष्यात असं कुणासाठी केलं नाही. बाकीचे दोन माझे आहेत. अर्जावर सही कर.

तुझीच,
आई