मुदत न बोललेला नवस

५ जानेवारी, सोमवार

पहिली आली ती छबूबाईच! मी वाकडच्या घरात पाऊल टाकून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, तोवर माझी जाऊ मोशीहून रिक्षा करून हजर. घर बघायला आले म्हणाली आणि आधी संडासच उघडून बघितला. मग गॅलरीतून खाली डोकावून म्हणते कशी, यशोदे, एवढ्या उंचावर देवाला हाक कशापायी मारायची, नुसती खोकलीस तरी त्याला ऐकू जातंय की! सायली, माझी सून, हसून हसून खाली बसली.

मोशीला मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं, म्हणून उद्धवने मला इकडे आणलं. उद्धव माझा लेक. चाकणच्या कंपनीत सेफ्टीचं बघतो. माणसं पडू नयेत, मशीनमध्ये हात जाऊ नये, हेच त्याचं काम. आता आईसाठी घराचीच कंपनी केलीय पोराने. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर, बाथरूममध्ये खडबडीत रबर, पलंगापासून पॅसेजभर भिंतीला स्टीलचा दांडा, कमोडपाशी दोन्ही बाजूंनी दांडे. मी म्हटलं, अरे, गाईला दावं कमी आणि मला दांडे जास्त.

आमच्यात नवीन लोखंड घरात आलं की पूजा करतात. विहिरीवरच्या मोटरीची केली, उद्धवच्या पहिल्या मोटरसायकलची केली. मग दांड्याची का नको? हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि दांड्याला बोलले, बाबा, मी तुला धरूनच चालेन, तू मला सोडू नको. छबू मधेच काहीतरी सांगत होती, पण नात ओवी फोटो काढायला लागली आणि राहिलं. ही डायरीही ओवीनेच दिली. आज्जी, चौथी शिकलीस ना, मग रोज लिही म्हणाली. बघा, लिहिते आहे.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी व्यायाम शिकवायला स्वप्नाली नावाची मुलगी येते. गोड आहे, पण लग्न करायचं नाही म्हणते. मी तिला आमच्या आळीतला एक मुलगा सुचवला, तर म्हणाली, आजी, आधी टाच टेका. खुर्चीवरून उठताना पुढे वाकायचं, उठल्या उठल्या चालायचं नाही, क्षणभर उभं राहायचं. वळताना भिंगरीसारखं वळायचं नाही. नऊवारीचा घोळ पायात येतो म्हणून सायलीने गाऊन आणलेत. छबूने बघितलं तर मोशीभर करेल.

दांडा फार चांगला. हात ठेवला की ऊब लागते, गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. उद्धवला म्हटलं, स्टील थंड असतं ना रे? तो म्हणाला, ऊन येत असेल. पॅसेजमध्ये ऊन येत नाही. पण असो, थंडीत बरं वाटतं.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

शेजारून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास येत होता. दुपारी घरात मी एकटीच. बेल वाजली. शेजारीण भाजी घेऊन आली असणार म्हणून लगबगीने निघाले. पॅसेजच्या टोकाला दांडा संपतो आणि पुढे दारापर्यंत मोकळी भिंत आहे. तिथे हात सोडायला गेले, तर सुटेना.

चिकटला नव्हता. धरला होता. जत्रेत आई पोराचं मनगट धरते तसा, खालून, बोटांनी. दांड्याला बोटं कुठून येणार? पण मला लागत होती. बेल वाजून थांबली. लिफ्टचं दार लागलं. मग हात सुटला.

संध्याकाळी सांगितलं. उद्धवने दांडा साबणाने पुसला. स्वप्नालीला फोन लावला, ती म्हणाली, एकदा पडलं की पडायची भीती मनात बसते आणि मूठ आपोआप आवळते, पुष्कळ आजी-आजोबांचं होतं. असेलही बाई. ती शिकलेली आहे. भीती जावी म्हणून उद्धव खुर्चीपाशी आणि पलंगापाशी अजून दांडे लावणार आहे.

मी नको म्हटलं. तो म्हणाला, आई, लाजू नकोस.

१७ जानेवारी, शनिवार

सायलीचं हळदीकुंकू झालं. बायका वाणासारखेच दांडे बघत होत्या, आमच्याही सासूबाईंना लावतो म्हणाल्या. छबू आली. तिला कोपऱ्यात ओढून सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, यशोदे, मुदत बोलली व्हतीस का?

तेच त्या दिवशी ती सांगत होती. नवस बोलताना मुदत बोलायची असते. अमक्या सणापर्यंत, पीक निघेपर्यंत. मी नुसतंच सोडू नको म्हटलं. कधीपर्यंत ते बोललेच नाही.

छबूने दांड्याला हात लावला आणि हळू म्हणाली, सोड आमची बाई. माझा हात त्यावरच होता. मनगटातलं मोडलेलं हाड कडकन वाजलं. मी ओरडले तशी सायली धावत आली, आणि ती दिसताच पकड ढिली. सायलीला काहीच दिसलं नाही. घरचं कोणी समोर असलं की तो नुसता दांडा असतो.

जाताना छबूने कानात सांगितलं, ज्याने नवस बोलला त्यानेच उंबऱ्याबाहेर नारळ फोडून तो सोडवायचा. मी उद्याचा सोडून पुढल्या आयतवारी येते, नारळ आणते, तुला मोशीला नेते. तू फक्त उंबरा वलांड, बाकी माझ्यावर.

फक्त उंबरा.

२० जानेवारी, मंगळवार

दांड्याला हात न लावता समोरच्या भिंतीने सरकत गेले. उंबरा चार हातांवर होता. तेवढ्यात ओवी कॉलेजातून आली. आज्जी, पडशील! तिला रडू आलं. तिचं रडू बघून मलाही. रात्री सगळ्यांनी मला समजावलं. मी नवसाचं सांगितलं, मला उंबऱ्याबाहेर न्या म्हटलं. उद्धवने डोक्यावरून हात फिरवला. माझं पोर चांगलं आहे, त्याला वाईट म्हणवत नाही. पण हात असा फिरवला, जसा मी त्याच्या आजीच्या डोक्यावरून शेवटी फिरवायचे.

उद्या त्या भिंतीलाही दांडा लावणार. थेट दारापर्यंत.

२२ जानेवारी, गुरुवार

आता मोकळी भिंत नाही. दारापर्यंत दांडा म्हणजे दारापर्यंत तो.

आज गेले. छबूने सांगितलंय म्हणून गेले. कडीला बोटं लागली होती — आणि डावा हात मागे ओढला. हिसडा नाही. हळू. पडू नये अशा बेताने. पावलं उलटी टाकत पलंगापर्यंत आणून बसवलं. स्वप्नाली शिकवते तसंच, आधी टेकवून, मग हळूच.

तो मला पडू देत नाही. बोललं तेवढंच करतो आहे.

२४ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावले. झोपेत पडू नये म्हणून. सायलीने उशी ठेवली, पांघरूण घातलं. छान वाटतंय ना आई, म्हणाली. मी मान हलवली. नाही म्हटलं की अजून एक लागतो.

छबू उद्या — उद्याच.

२५ जानेवारी, रविवार

सगळे खाली सोसायटीच्या कार्यक्रमाला. लगेच येतो म्हणाले.

कठडे जवळ आलेत. पलंग रुंद होता ना —

बेल. छबू! तिची बांगडी ओळखते मी, दारावर वाजली. यशोदे, अगं ए यशोदे, नारळ आणलाय, दार उघड! ओ द्यायला गेले, तर छातीवर दांडा. दाबत नाही. नुसता टेकलाय. श्वास आत जात नाही तेवढाच. फोन हॉलमध्ये वाजतोय, वाजतोय —

शेजारीण बाहेर काहीतरी बोलली. छबू म्हणाली, झोपली असंल, न्हाई उठवत. मग मोठ्याने, दाराला तोंड लावून, पुढच्या आयतवारी येते गं!

लिफ्ट.

डावा हात आत घेतला त्याने. उजवा मोकळा आहे, पेन आहे. विसरायला नको म्हणून लिहून ठेवते. छबू येणार. नारळ घेऊन. आयतवार, १ फेब्रु