ओल्या लोकरीचा वास

प्रिय हनुमान,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फेकशील असं वाटलं, म्हणून पत्ता दुसऱ्याच्या हातून लिहून घेतला. घाबरू नकोस, मला काही मागायचं नाही. नुसती खुशाली कळवते आहे.

मी सध्या पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला सत्यभामाबाईंच्या शेतावर असते. आपल्याकडची लोकर आता कुणी फुकटसुद्धा नेत नाही, म्हणून बाई तिचे बुरणूस, म्हणजे दाबून केलेली जाड पांघरुणं, करायला शिकवतात. विणायचं काही नाही. लोकर पिंजून उभे-आडवे थर अंथरायचे, गरम साबणाचं पाणी शिंपडायचं आणि वळकटी करून कोपरांनी रेटत राहायचं. तंतू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सोडवता येत नाहीत. सुरुवातीला माझे हात सोलून निघाले, पण रेटायला मला बळ कमी पडलं नाही. कुणाची आठवण काढत होते ते तुला सांगायला नको.

दुष्काळाच्या त्या वर्षी आपली सुपारी फुटली होती. टँकरच्या पाण्यानं अंगण सारवून झालं होतं, हळद दळून ठेवली होती आणि तुझा निरोप आला. कंपनीत नोकरी लागलेल्या माणसाला शोभेल असाच होता. "तिच्या अंगाला मेंढराचा वास येतो." माझ्या बापानं तो सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकला. त्यानंतर तो कुणाच्या लग्नाला गेला नाही.

मागच्या महिन्यात शहरातून मुलींचा एक घोळका शिकायला आला. लोकर भिजून वास उठला, तशा सगळ्यांनी नाकाला ओढण्या लावल्या. एकटी योगिनी बाह्या सारून बसली. म्हणाली, घरी नेता आलं असतं तर आसन केलं असतं, पण होणाऱ्या नवऱ्याला लोकरीची ॲलर्जी आहे. बिचारा पोरका आहे, आईवडील लहानपणीच गेले. मग तिनं मोबाइलवर तुझा फोटो दाखवला.

घोंगडीवर जन्मलेल्या माणसाला लोकरीची ॲलर्जी! हसू आलं, मग अंगाचा भडका उडाला. तुझी आई खरंच गेली, पण तुझ्या जित्या बापाला, कारभारीमामांना, तू का मारलंस? ते अजून पडेगावातच आहेत. रान सगळं प्लॉटिंगमध्ये गेलं, म्हणून अर्धवट इमारतींच्या मधल्या गवतावर मेंढरं चारतात. मी योगिनीचा हात धरला आणि साबणाच्या हातांनीच तिला त्यांच्याकडे घेऊन गेले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. काठी टेकून एवढंच बोलले, "म्या मेलो नाय म्हनावं. मेंढरं बी हायती."

योगिनी त्यांच्या पाया पडली. परत येऊन तिनं त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं आसन रेटायला घेतलं. लग्न मोड असं मी सुचवलंसुद्धा नाही, आणि तीही मोडणार नाही. मामांना तिनं पुढच्या रांगेत बसायला बोलावलं आहे. हे आपले वडील, असं तू मांडवात उठून सांगायचं. नाही सांगितलंस तर ती बोहल्यावरून उतरणार.

तुला आधी कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. पण मला तुझा निरोप एका फटक्यात मिळाला. तुला हा लग्नापर्यंत रोज थोडा थोडा मिळावा, म्हणून लिहिते आहे. लग्नात सासरा तुझे पाय धुईल. योगिनीनं तुझ्याखाली घातलेल्या त्याच आसनावर पाणी सांडेल आणि भर मांडवात वास उठेल. या वेळी तो तुझ्या अंगाला येत असेल. मी जवळच उभी असेन, नवरीची करवली म्हणून.

तुझी न झालेली,
अंबिका