आमच्या व्याह्यांचं नाव

आदरणीय ओइदिन ओपा,

सलाम. तुम्ही बऱ्या आहात ना, गुडघे बरे आहेत ना, गाय दूध देतेय ना, तंदूर धूर ओकत नाही ना, नातसून उलट बोलत नाही ना, दमला नाहीत ना? (उत्तर देऊ नका. आपल्यात उत्तरासाठी थांबतं कोण? समोरच्यानेही त्याच वेळी आपली यादी सुरू केलेली असते.) इकडे मार्गिलानमध्ये तुमच्या दुव्याने सगळे ठीक आहेत. मी सोडून सगळे. ओपा, तुमचा भाऊ पार बुडालाय.

घाबरू नका, तब्येत उत्तम आहे. आपल्या लेकीचं, झुम्रादचं लग्न ठरलं, दोन्ही घरांनी मिळून साखरपुड्याची रोटी मोडली, हे तुम्हाला माहीत आहेच (तुम्ही गुडघ्यांचं निमित्त करून कोकंदहून आला नाहीत, तेही आमच्या लक्षात आहे). मुलगा जावलॉन, आणि त्याचे वडील म्हणजे माझे चहाखान्यातले तेरा वर्षांचे जिवलग मित्र. दर गुरुवारी कालव्याकाठच्या त्याच खाटेवर आम्ही एकाच किटलीतला चहा पितो, एकाच परातीतला पुलाव खातो. आता हातातली पियाली खाली ठेवा. मला त्यांचं नाव माहीत नाही.

हसू नका. ह्यात माझा दोष नाही, दोष संस्कारांचा आहे आणि संस्कार तुम्हीच केलेत. तेरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा समोर येऊन बसले तेव्हा मी छातीवर हात ठेवून, जशी शिकवलीत तशी ओळख करून दिली. आधी मोहल्ला, मग आजोबांचा धंदा, मग बापाचा उस्ताद, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, खालच्या आवाजात, कुणी विचारलंच तर. (आपले वडील म्हणायचे, स्वतःचं नाव आधी सांगतो तो एक तर सरकारी माणूस असतो नाही तर चोर.) मी रंगाऱ्यांच्या मोहल्ल्यापासून सुरुवात केली, त्यांनी रोटी भाजणाऱ्या भटारांच्या मोहल्ल्यापासून. माझ्या आजोबांनी रेशीम निळं केलं, त्यांच्या आजोबांनी भट्टी काळी केली. आम्ही दोघंही घरंदाज, मागे कोण हटणार? दोघेही चुलत आजोबांपर्यंत पोहोचलो तेव्हा चहा आला. त्यांनी मला अर्धीच पियाली भरून दिली, म्हणजे बसा अजून, पुन्हा भरतो. एवढा मान दिल्यावर नावासारखी किरकोळ गोष्ट कोण काढतो? पुढच्या गुरुवारी विचारलं असतं तर मागच्या गुरुवारी माझं लक्ष नव्हतं असा अर्थ झाला असता. तिसऱ्या गुरुवारी फारच उशीर झाला होता.

तसं अडलंही नाही काही. मी त्यांना थोरला भाऊ म्हणून अका म्हणतो, ते मला अका म्हणतात, आणि थोरला कोण ह्यावर आम्ही निम्मी दुपार भांडतो. त्यांच्या पित्ताशयात खडे किती ते मला ठाऊक आहे. सासूबाईंनी पहिल्या ईदला त्यांना काय ऐकवलं तेही. फक्त नाव तेवढं राहिलं.

आता माझी घोडचूक सांगतो. त्यांची बायको मागणी घालायला आली तेव्हा माझ्या बायकोला, मुहाब्बतला रिवाजाप्रमाणे त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन तीन आठवडे चौकशी करायची होती. मी छाती ठोकली. म्हटलं, "अगं, त्या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखतो, चौकशी कसली करतेस?" ती गप्प बसली (तीस वर्षांत दुसऱ्यांदा) आणि तेव्हापासून रोज एकदा ऐकवते, "तुमच्या शब्दावर पोर देतेय हं." तिला कळलं की दुसऱ्या दिवशी रोटी परत गेलीच समजा. आणि झुम्राद हल्ली हातमागावर बसून गात असते, ओपा. आईखेरीज कुणाला न आवरणारी ती पोर! तिचं गाणं माझ्या मूर्खपणापायी बंद पडलं तर मी कुठे तोंड लपवू?

आणि नेमकं आता पत्रिकांचं काम निघालं. खाली छापायचं असतं, 'आदरपूर्वक, अमुक कुटुंब आणि तमुक कुटुंब'. अमुक आम्ही. तमुकसाठी छापखानेवाला शनिवारपर्यंत थांबणार आहे.

उपाय केले नाहीत असं समजू नका. चहाखानेवाल्याला आडून विचारलं की माझ्यासोबत बसतात ते कोण? तो म्हणाला, "ते? तुमचे मित्र." मग भटारांच्या गल्लीत गेलो आणि एका म्हातारीला सहज विचारलं, हे घर कुणाचं. झालं! चार दारांतून चार बायका बाहेर आल्या. मुलगा दारू पीत नाही, सासू चावत नाही, घरात पाणी चोवीस तास, सगळं सांगितलं, नाव सोडून. संध्याकाळी मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. मुहाब्बत दारातच उभी. "आतून-बाहेरून ओळखता ना? मग गल्लीत कशाला हुंगत होतात?" मी म्हटलं, खमीर विकत घ्यायला गेलो होतो. आता घरात दोन किलो खमीर आहे.

मग त्यांच्याच हातात माझा मोबाईल दिला, म्हटलं अका, तुमचा नंबर पुसला गेलाय, तुम्हीच घाला. त्यांनी चष्मा लावला, प्रेमाने घातला, आणि वर नाव लिहिलं 'व्याही'. जावलॉनला गाठलं, म्हटलं बाळ, जरा रीतसर ओळख करून दे बघू. पोरगं एवढं संस्कारी की मान खाली घालून म्हणालं, "आम्ही काय, तुमचेच." झुम्रादला विचारून काय उपयोग? सासऱ्याचं नाव तोंडातून काढणारी सून मार्गिलानमध्ये अजून जन्मायची आहे. व्याही स्वतः मात्र मजेत दिसतात. परवा तर म्हणाले, अका, तुमचा पासपोर्ट आणा एकदा, तरुणपणी कसे दिसायचात ते बघू. किती जीव लावतात! मी म्हटलं, फोटो फार वाईट आलाय.

असो. गाईला, तंदुराला आणि नातसुनेला सलाम. चूकभूल माफ करा.

तुमचा धाकटा भाऊ
(नाव काय लिहू, तुम्हीच ठेवलंय.)

ता. क. खरं काम हे, की शुक्रवारी या. कोकंदला टॅक्सी पाठवतो, हे पत्रही त्याच टॅक्सीवाल्याच्या हाती, मागची अख्खी सीट गुडघ्यांसाठी. तोंडावर नाव विचारायची मुभा आपल्यात फक्त म्हाताऱ्यांना असते आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहात (रागावू नका, पहिल्यांदाच ह्याचा उपयोग होतोय). त्या दिवशी व्याही आमच्याकडे जेवायला आहेत, पुलाव वाढला की विचारा, "बाळा, तुझं नाव काय रे?" सांगितलं की उजवा कान पुढे करा, तो बहिरा आहे ना? ते ओरडून सांगतील. मी खिडकीमागे पेन्सिल घेऊन उभा असेन.

ता. क. दुसरा. पाकीट पुन्हा उघडलंय. आज गुरुवार. व्याही हात धुवायला गेले होते, त्यांचा मोबाईल जेवणाच्या दस्तरखानावर पडला होता, आणि घरी लावायला म्हणून मी चुकून त्यांनाच फोन लावला. त्यांचा मोबाईल वाजला आणि त्यावर नाव आलं, 'निळ्या हातांचे अका'. ओपा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! तेरा वर्षं एका परातीत जेवून माणसाला माझं नाव माहीत नाही? ही काय रीत झाली? अर्धी किटली मी त्यांच्याशी बोललो नाही. मग ते हळूच म्हणाले, "अका, तो पासपोर्ट आणलात का हो?" बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांच्याही घरी बायको आहे, ओपा, आणि त्यांनीही छाती ठोकली असणार.

म्हणून शुक्रवारी एवढं करा. त्यांचं नाव कळलं की ते तुमची विचारपूस करतील. तेव्हा नेहमीसारखं मोहल्ल्यापासून सुरू करू नका, आजोबांना मध्ये आणू नका. सरळ, मोठ्याने आणि दोनदा सांगा, "मी मामारसूलची थोरली बहीण."