ओल्या रंगाचं नाव

माय, आज सकाळी मी तुझ्यासारखीच उंबऱ्यात उभी राहिले होते. एका हातात छापलेला कागद, दुसऱ्या हातात साडीची चिंधी आणि तोंड रस्त्याकडे. समोरची म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "पार मायवर गेलीस बघ." ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तू उंबऱ्यात उभी राहायचीस ती रंग बघायला, आणि मी त्याच उंबऱ्यासमोरून एकदा न बघताच निघून गेले होते. ते तुला कधी सांगितलं नाही. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी ते सांगायचं तसंच राहिलं आहे.

आधी माझ्या कामाचं सांगते, नाहीतर तुला वाटायचं पोरगी नुसती बसून खाते. परभणीतल्या आणि जिंतूरकडच्या साड्यांच्या दुकानांची कॅटलॉग मी करते. दुकानदार साड्यांचे फोटो पाठवतात, मी ते लॅपटॉपवर नीट करते, रंग साडीला जुळवते आणि प्रेसला छापायला देते. म्हणजे तुझंच काम, फक्त स्टोव्ह नाही आणि हात ओले होत नाहीत. गेल्या वर्षी चांगला महागाचा लॅपटॉप घेतला. त्याची स्क्रीन अशी लखलखीत, की पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, आता रंगाची काय बिशाद आहे चुकायची! आणि माय, गेल्या महिन्यात त्याच लॅपटॉपने मला तोंडघशी पाडलं. कॅटलॉग छापून दुकानात पोचलं आणि दुकानदाराचा फोन आला, "ताई, माझ्याकडली साडी मोरपंखी हाय, तुमी रामा छापलीया. बाया कागद दाखवून रामा मागायल्यात, मी कुठून देऊ?"

मी त्याच्याशी भांडले. खरंच भांडले. माझ्या स्क्रीनवर अगदी बरोबर मोरपंखी दिसतोय, म्हणाले, प्रेसवाल्याने शाई चुकवली असणार. मग तणतणत प्रेसमध्ये गेले. तिथला माणूस शांत. त्याने माझा लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन थोडी मागे कलवली, तशी साडीवर वेगळीच झाक आली. पुढे ओढली तर आणखी तिसरीच. मग त्याने माऊसएवढं एक यंत्र स्क्रीनवर लटकवलं. स्क्रीन एकेक रंग दाखवत गेली, यंत्र तो मोजत गेलं. शेवटी जो पांढरा आला तो सायीसारखा पिवळसर. मी म्हटलं, बिघडवला की माझा लॅपटॉप! तो हसून म्हणाला, "ताई, खरा पांढरा हाच हाय. इतके दिवस तुमी नीळ घातलेला बघायलाव." म्हणजे स्क्रीनच मुळात निळसर होती. तिच्यात प्रत्येक फोटो निळा दिसायचा, आणि मी त्याला उतारा म्हणून हिरवा घालत बसायचे. असा हिरवा घालून घालून मी निळसर मोरपंखीची हिरवट रामा केली. वर तो म्हणाला, ह्या दोन रंगांच्या मधले कितीतरी रंग या स्क्रीनमध्ये नाहीतच, ती जवळचा कुठलातरी दाखवून वेळ मारून नेते. आणि गंमत बघ, दुकानदाराने फोटोंसोबत प्रत्येक साडीची चिंधी पाठवली होती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

प्रेसमधून घरी येताना तू सारखी डोळ्यांपुढे येत होतीस. आपल्या मागच्या अंगणात स्टोव्ह फरफरतोय, त्यावर ते पोचे आलेलं भगुनं, पाण्यात खडेमीठ आणि रंगाच्या दोन-तीन पुड्या. तू काठीने ओढणी वरखाली करतेस आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत गिऱ्हाइकाच्या साडीचा पदराकडून काढलेला एक दोरा धरून ठेवतेस. मी विचारते, "झाला का रामा?" आणि तू वर न बघता म्हणतेस, "वाळल्याबिगर रंगाचं नाव घेऊ न्हाई. ओला रंग लबाड असतोय." मग आधी एक चिंधी बुडवायची, भगुन्याच्या गरम झाकणावर वाळवायची आणि उंबऱ्यात यायचं. अंगणात नाही, तिथं ऊन रंग खातं. घरातही नाही, तिथं भिंतीचा रंग मिसळतो. उंबऱ्यातच, सावलीतल्या उजेडात. दोरा चिंधीवर ठेवायचा. दोरा दिसेनासा झाला की जमलं. किती वेळा तो दोरा हरवायचा आणि तू हसायचीस, "घ्या, सापडंना." आता मला कळतं की स्क्रीनवरचा रंग कधी वाळतच नाही. तिथं दिसतो तो कायम ओला. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवलं नाही मला, आणि तू तर मी पाचवीत असताना सांगितलं होतंस.

तुझी बोटं कधीच एका रंगाची नसायची. भाकरी थापताना नखांत आमसुली, देवाला फूल वाहताना अंगठ्यावर अबोली. शाळेत मला लाज वाटायची त्यांची. आता वाटतं, ती बोटं एकदा हातात मिळावीत. नुसती धरून बसेन, काही बोलणार नाही.

तो दिवस मला अजून घडतोय असा दिसतो. पोखर्णीची एक बाई लेकीच्या लग्नाचा शालू घेऊन आली आहे. नवरीने डोक्यावरून घ्यायची ओढणी शालूच्या पदरासारखी रामा रंगवून हवी. दुसऱ्या दिवशी लग्न आहे. तुझ्या डोळ्यांत नुकतं धूसर यायला लागलंय, सुईत दोरा ओवायला तू मला हाक मारतेस, पण रंगाला अजून कुणाला विचारलेलं नाहीस. त्या दिवशी पहिल्यांदा विचारतेस. ओढणी दारापुढच्या दोरीवर आहे. तू उंबऱ्यात शालूचा पदर धरून उभी आहेस आणि मी फाटकापाशी सायकल काढतेय. मला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचंय. आज तिथे चित्रात रंग भरायला शिकवणार आहेत.

"बाई, थांब जरा. मला हे निळं मारल्यावानी दिसायलंय. तू बघ बरं."

"न्हाई गं माय, रामाच हाय."

"वाळलीया का पण?"

"वाळलीया."

"मग मलाच निळं कामून दिसायलंय?"

"तुझे डोळे गेलेत आता," मी म्हणाले आणि सायकलवर टांग मारली.

लग्नानंतर ती बाई परत आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने शालूचा पदर आणि ओढणी आपल्या बाजेवर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, सगळ्या मांडवात पोरगी येगळीच दिसली वो." तू दोन्ही उचलून उंबऱ्यात नेलंस. बराच वेळ बघत राहिलीस. मग तिला म्हणालीस, "माझी नजर गेली बाई, माफ कर." मी चुलीपाशी उभी होते, तिथूनच सगळं ऐकलं. ती बाई ओढणी तिथंच टाकून गेली. तू ती धुऊन घडी करून मला दिलीस, "रंग वाईट न्हाई, चुकीच्या ठिकाणी पडला. तू घे." मी ती एकदाही अंगावर घेतली नाही.

त्यानंतर तू भगुनं पालथं घातलंस. डोळ्यांच्या शिबिरात मीच तुला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, मोतीबिंदू अजून कच्चा आहे. रंग तुम्हाला चांगले दिसतात." आणखी म्हणाले, मोतीबिंदू वाढला की निळा आधी फिका पडतो, तुम्ही तर निळा बरोबर ओळखताय. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तू मला विचारशील. तू म्हणालीस, "डॉक्टरला काय कळतंय? माझ्या लेकीला दिसलं ते खरं." पुढची तीन वर्षं तू फक्त फॉल-पिको केलंस. बायका रंगवायला काही घेऊन आल्या की नजर गेल्याचं सांगून परत पाठवायचीस. तुझी बोटं स्वच्छ झाली, माय. शेजारणी म्हणायच्या, आता कशी हातं छान दिसायलीत. मला ती बघवायची नाहीत. तुला शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हाही ती तशीच स्वच्छ होती.

आज नव्याने छापलेला कागद आणि चिंधी जुळली. दुकानदाराला तसं कळवलं आणि मग ट्रंकेतून ती ओढणी काढली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उंबऱ्यात नेली. ती मोरपंखी आहे. थोडीथोडकी नाही, लख्ख मोरपंखी, लहान पोरानेही सांगितलं असतं. मग ती दोरीवर टाकली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिले, माझी सायकल असायची तिथे. तिथूनही निळी दिसते. मी नुसती मान वळवली असती तरी दिसली असती.

मी मान वळवली नव्हती, माय. सायकलची साखळी उतरली होती, मी ती बसवत होते. वाळली म्हणाले तेव्हा ओढणीला हातही लावला नव्हता. तुझी नजर गेली नव्हती. तुला दिसलं तेच खरं होतं.

हा लिहिलेला कागद आता ओढणीच्या घडीत ठेवून ट्रंक लावते. तू तीन वर्षं याच घरात, हाकेच्या अंतरावर होतीस, तेव्हा माझ्याच्यानं हे सांगवलं नाही. आणि खरं सांगू? आज तू मागच्या अंगणातून हाक मारून विचारलंस, काय लिहायलीस गं, तर मी अजूनही म्हणेन, काही न्हाई, माय.