गप्प बसलेला जीन

४ जानेवारी
संकल्प: जूनच्या आत ताईला बरं करायचं. तिचं यकृत एक नको ते प्रोटीन बनवत सुटलंय. मी बनवतो ते पॉलिमरचे सूक्ष्म कण पोटात आरएनए घेऊन थेट यकृतात शिरणार आणि तो बिघडलेला जीन गप्प करणार. डॉक्टरांना उगाच घाई. म्हणे यकृताचा तुकडा द्यायला कोणी तरी हवं. भावोजींचा रक्तगट जुळत नाही, माझा जुळतो. पुढच्या तपासणीला बोलावलंय. जाईनच. सोमवारी.

८ जानेवारी, सोमवार
घशात खवखव. गेलो नाही. शिवाय कापाकापीची वेळच येणार नसेल तर सुया कशाला टोचून घ्यायच्या? भीतीचा प्रश्नच नाही.

२ फेब्रुवारी, दुपारी ३
जिंकलो! बशीतल्या यकृतपेशींत जीन ९४ टक्के गप्प! ताईला लगेच फोन. म्हटलं, ऑपरेशन विसर, माझे कण येतायत. हसली. थकलेली वाटली, पण हसली.
आता फक्त उंदीर, मग माणसं, मग परवानग्या. चार महिने डोक्यावरून पाणी.
लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, आरएनए न भरता नुसते रिकामे कण घालून पाहिलेत का? म्हटलं, रिकाम्या पाकिटात पत्र शोधू का? जळतात लोक.

१९ फेब्रुवारी
भावोजींचा फोन. ताईच्या पोटात पाणी झालंय. तपासणीचं पुन्हा विचारलं. सांगितलं, मीच आडवा पडलो तर कण कोण बनवणार? बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.
ताईला मी फोन करणार होतो. राहिलं.

११ मार्च
लॅबच्या प्रमुख मॅडमनी शेवटी रिकामे कण तपासायला लावलेच. जीन ९३ टक्के गप्प. मोजणीचं किट खराब असणार.

१२ मार्च
नवं किट. ९४.

१३ मार्च
बाईंनी मायक्रोस्कोपखाली बघायला बोलावलं. पेशी मेल्या होत्या. माझ्या पॉलिमरनेच मारल्या होत्या. मेलेल्या पेशीत सगळेच जीन गप्प असतात. सहा आठवडे मी मढ्यांची शांतता मोजत होतो. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मला रडू आलं. भीती वाटते मला ऑपरेशनची. पहिल्या दिवसापासून वाटते.

१४ मार्च
सकाळी उपाशीपोटी तपासणीला गेलो. खरंच गेलो. काउंटरवर माझं नाव सापडेना. फेब्रुवारीतच काढलंय म्हणाले. ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेत, पेशंट वर आहे.
वर गेलो. ताईच्या नणंदेने तुकडा दिला. दोघींचा दहा वर्षं अबोला होता. आता शेजारशेजारच्या खाटांवर होत्या आणि उशी कोणाची यावरून भांडत होत्या.
मला का नाही कळवलं, असं ताईला विचारलं. तू कामात होतास ना, म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.