करकोचे अजून यायचेत

४ ऑक्टोबर

बाबा नाही म्हणाले. तोंडावर!

डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं होतं. काचबिंदू. आतला दाब वाढलाय. उजवा डोळा गेल्यात जमा, डावा वाचवायचा तर महिन्याभरात ऑपरेशन. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवता येते. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करकोचे येऊन जाऊ देत. मग बघू."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, पाहुणे यायचेत. "किती दिवस राहणार आहेत ते?"

"थंडी संपेपर्यंत," मी म्हटलं. "पक्षी आहेत."

येताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. मी विषय काढला नाही. संध्याकाळचं दूध घ्यायला संकलन केंद्रावर कामाला वेळेत पोहोचले.

५ ऑक्टोबर

पावसाळा पुरता सरला. आभाळ धुतल्यासारखं. पश्चिमेला पिंजलेल्या कापसासारखे ढग. बरेच फोटो काढले, ठेवण्याजोगा एक. पक्षी — नेहमीचेच.

७ ऑक्टोबर

दाढी करता करता बाबांनी कारण सांगितलं. आरसा समोर नव्हता. हल्ली हातानंच चाचपून करतात.

"टेबलावर काही बिघडलं तर उरलंसुरलंही जाईल. मग शेवटचं काय बघितलं म्हणून सांगायचं? भिंतीवरचं कॅलेंडर?"

बिघडत नाही सहसा, असं मी म्हटलं. "सहसा," ते म्हणाले आणि गालावरचा फेस पुसला.

दुपारी शहरातून दादाचा फोन. "तू त्यांना सांगत का नाहीस?" सांगितलं. "नीट सांग ना!" नीट म्हणजे कसं? रडून? ते मला जमत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मागून वहिनीचा आवाज — "अहो वन्सं, उचला आणि गाडीत घाला सरळ!" जसे काही बाबा म्हणजे दुधाचा कॅन.

११ ऑक्टोबर

सुट्टी. तळ्यावर गेलो दोघं. बाबांची घडीची खुर्ची, माझा कॅमेरा (दादाचाच, जुना). बाबांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण थंडी पडली की बंदूक घेऊन इथे येऊन बसायचे. आई गेली त्या वर्षी बंदूक जमा करून टाकली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता त्यांचं सगळं ज्ञान माझ्या डोक्यावर.

"पक्ष्यावर धरू नकोस. तो जिथे जाणार आहे तिथे धर."

"हो."

"डावीकडून बदकं येतायत. धर!"

मला बदकं दिसेपर्यंत ती गेलीसुद्धा. फोटोत कोपऱ्यात एक शेपूट. बाबा खूश — "शेपूट तर शेपूट! माझ्या पहिल्या हंगामात तेवढंही नव्हतं."

यांना बदकं माझ्याआधी दिसली? की ऐकू आली?

१३ ऑक्टोबर

ढग नाहीत. पक्षी नाहीत. केंद्रावरचं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बिघडलं.

१६ ऑक्टोबर

मशीन सुरू झालं आणि पहिलाच बळी पाणीवाले काका. हे आमच्या बाबांचे दोस्त, पण दूध असं आणतात की त्यात तोंड बघावं. फॅट जेवढं आलं तेवढंच लिहिलं. काका तणतणत थेट घरी.

"अरे, तुझी पोरगी त्या मशीनवर गेलीय! दयामाया म्हणून नाही!"

बाबा पोट धरून हसले. "तिला खोटं बोलताच येत नाही रे. लहानपणी दादाबरोबर पेरू चोरायची आणि घरी येऊन स्वतःच सांगून टाकायची. बिचाऱ्याला मार मिळायचा!"

काका चहा पिऊन गेले. उद्या पुन्हा पाणी घालतील.

१९ ऑक्टोबर

बाबांनी चहा बशीच्या बाहेर ओतला. "कप हलला," म्हणाले.

कप हलला नव्हता. पुसून घेतलं.

२३ ऑक्टोबर

गेल्या वर्षी आजपर्यंत करकोचे आलेले होते. यंदा तिकडची थंडीच लांबली असावी. सकाळी केंद्रावर जायच्या आधी गच्चीवर जाते, उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. आभाळ इतकं मोकळं की फोटो काढायला काही नाही, तरी काढते. रोजचा एक. ओळीने लावले तर कुठला कुठल्या दिवसाचा ते सांगता येणार नाही.

बाबा खाली अंगणात. "आले का?"

"नाही."

"येतील."

दवाखान्यातून फोन आला होता, तारीख घ्या म्हणून. बाबांच्या देखत घेतला. त्यांनी ऐकलं आणि रेडिओ लावला.

२५ ऑक्टोबर

फोटो स्टुडिओत जाऊन आले. गेल्या वर्षीचे करकोचे मोठे करून घेतले. फोटोत खाली तळ्याकाठचा पंप दिसत होता, तो यंदा उन्हाळ्यात काढून नेलाय. म्हणून खालची पट्टी कापायला सांगितली. राहिलं नुसतं आभाळ आणि रांग. आभाळावर साल लिहिलेलं नसतं.

फोटोवाला म्हणाला, "आले वाटतं यंदाचे?"

"हो," म्हटलं.

तेवढाच सराव.

२६ ऑक्टोबर

सकाळी चहाबरोबर दिला.

खिडकीशी नेऊन बघितला त्यांनी. डोळ्यांजवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ.

"कधी आले?"

"पहाटे. तुम्ही झोपला होतात."

"मला उठवायचं नाही का?"

"कॅमेरा घेईपर्यंत गेलेच."

"किती होते?"

"तीसेक."

"आवाज नाही आला."

"फार उंच होते."

फोटोवरून अंगठा फिरवत बसले. चुलीवर — नाही, गॅसवर — दूध उतू गेलं ते मला कळलंच नाही, वासानं धावले. परत आले तर बाबा उभे होते, फोटो सदऱ्याच्या खिशात.

"बरं. आले म्हणायचे. पिशवी भर."

एवढंच! मी दादाला फोन केला, तारीख घेतली, पिशवी भरली. टॉवेल राहिला. पुन्हा उघडून टॉवेल घातला तर चष्म्याचं घर बाहेर राहिलं.

काम झालं. खोटं बोलून झालं, हेही खरं. त्याचा फारसा विचार करत नाही.

२९ ऑक्टोबर

दवाखाना. बाबांना आत नेलं. जाताना त्यांनी सदरा काढून माझ्याकडे दिला. बाकावर मांडीवर घेऊन बसले. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' आणि त्याखाली एक बाई मोठमोठ्यानं फोनवर बोलत होती.

दादा येरझाऱ्या घालत होता. वहिनीनं डबा आणला होता. मला म्हणाली, "वन्सं, तुमचं बरं आहे हो, तुम्हाला काही होत नाही." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दाब उतरला. आहे तेवढी नजर टिकेल. "पण आहे ती फार थोडी आहे," त्या म्हणाल्या. "घरी तुमच्या लक्षात कसं आलं नाही? समोरचा माणूससुद्धा त्यांना धड दिसत नसणार कित्येक दिवस."

दादा रडला. मी सगळ्यांना चहा आणला.

४ नोव्हेंबर

घरी. काळा चष्मा. बाबांना तो शोभतो असं पाणीवाले काका म्हणाले — "सिनेमातला व्हिलन!" तीन प्रकारचे थेंब, वेगवेगळ्या वेळेला. बाटल्यांना रंगीत दोरे बांधलेत.

बाबा फोटोचं नाव काढत नाहीत. मीही नाही.

७ नोव्हेंबर

आभाळ करडं, खाली आलेलं. वारा उत्तरेचा. फोटो नाही काढला, केंद्रावर गर्दी.

९ नोव्हेंबर

संध्याकाळी अंगणात थेंब घालत होते. बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब!"

मला काही ऐकू येईना. मग आलं. घरावरून, अगदी कमी उंचीवरून, लांबच लांब रांग, ओरडत ओरडत तळ्याकडे. बाबा मान वर करून बसून राहिले, आवाज पुरता संपेपर्यंत.

"आज आले," ते म्हणाले.

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. लागेना.

"तो फोटो मला दिसलाच नव्हता. निळं काहीतरी होतं, बस्स. पण करकोचे कितीही उंच असू देत, मुकाट्यानं जात नाहीत. कळलं मला, ही खोटं बोलतेय. आणि ही खोटं बोलतेय म्हणजे हिची पाचावर धारण बसलीय. मग म्हटलं, आता जायला हवं."

बसली होती. पहिल्या दिवसापासून. इथेसुद्धा लिहिलं नाही मी.